एक डोस आपल्या विहिरीचा

नाटे,
रविवार, ता. २६ मार्च १९३३

तीर्थस्वरूप दादास,

जनीचा वाकून नमस्कार. आबा, गोदूआते आणि मी आहोत तिथे आहोत. तू खुशाल असशील असे धरून चालते. हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या बाबूभाऊंनाही नमस्कार आणि एक विनंती. मागच्या पत्रातले काही त्यांनी गाळले असावे, कारण मी जे लिहिले होते तेच तू उत्तरात विचारलेस. तिथे मुंबईच्या खोलीतल्या बाकीच्या गाववाल्यांना कंटाळा आला तर त्यांनी बाहेर जाऊन विडी ओढावी, पण पत्र पुरते वाचावे.

शिमगा पार पडला. पालखी दारात आली तेव्हा आम्ही दोघींनी आबांना धरून पडवीत बसवले. नारळ त्यांनीच दिला. पोरांनी पालखी खांद्यावर नाचवली तसे आबा म्हणाले, "जपून रे. मी तांडेल होतो तेव्हा वादळातसुदीक गलबत एवढं हललं नाय." सगळे हसले. ते असे बोलले की मला वाटते, दुखणे मागच्या दाराने निघून गेले. मग ते पाय खाली सोडतात आणि दिसते की कुठेही गेलेले नाही.

पाय गुडघ्यापर्यंत सुजले आहेत. बोट दाबले की खळी पडते आणि भरून यायला वेळ लागतो. माघात मोठे डॉक्टर येऊन गेले ते तुला ठाऊक आहे. त्यांनी सांगितले, हृदय थकले आहे, मूत्रपिंडे नीट काम करत नाहीत, म्हणून अंगात पाणी साचते. मीठ पूर्ण बंद. तेव्हापासून आबांची पेज मी वेगळ्या मडक्यात शिजवते. खारी मासळी साफ केली की हात राखेने धुते आणि मगच त्यांच्या पेजेत डाव घालते. मिठाचे मडके माळ्यावर ठेवले आहे. आम्हा दोघींना लागले तर शिडी लावून चढते. आते म्हणते, "मिठासाठी शिडी चढणारी तू पहिलीच गो."

तू व्यवस्था केलीस त्याप्रमाणे कंपाउंडर आठल्ये दर गुरुवारी खाडीपलीकडून तरीने येतात. पायांच्या जखमा धुवायला नर्सबाई येतात, त्यांचा वार ठरलेला नाही. हे तुझे उपकारच आहेत आणि मी कुरकुर करते असे समजू नको. तरी काही गोष्टी लिहिते.

नर्सबाईंचा हुकूम आहे की त्या येतील तेव्हा उकळलेले पाणी तयार पाहिजे. वार माहीत नाही, म्हणून मी रोज सकाळी पाणी उकळून दुपारपर्यंत चुलीवर ठेवते. एकदा चूल विझवली आणि नेमक्या त्याच दुपारी त्या आल्या. म्हणाल्या, "तुम्हा लोकांना सांगून काही उपयोग नाही." त्या सांगतात, खाट खिडकीशी हवी, वारा लागला पाहिजे. आठल्ये येतात आणि सांगतात, खाट आत घ्या, वारा बाधेल. मी खाट आत ओढते, पुन्हा बाहेर ओढते. आबा विचारतात, "आज कुठल्या बंदराला लावतेस?"

दोघेही आबांशी बोलत नाहीत. त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात. म्हातारा जेवतो का, म्हाताऱ्याला झोप लागते का. एकदा आबांनी स्वतःच उत्तर दिले, तर आठल्ये म्हणाले, "तुम्ही बोलू नका, दम लागेल," आणि तोच प्रश्न मला पुन्हा विचारला. मी तेच उत्तर पुन्हा दिले. पन्नास खलाशी ज्यांच्या एका हाकेवर शीड उतरवायचे, त्या आबांचा आवाज आता माझ्या तोंडून काढावा लागतो.

आल्याबरोबर दोघांना शहाळे लागते. आठल्ये ब्राह्मण, ते आपल्या घरचे पाणी घेत नाहीत. नर्सबाई ख्रिस्ती, त्यांच्या हातात आते आपले भांडे देत नाही. आते म्हणते, "दोघांनी मिळून माझा माड मोकळा केलानी."

आबांची तहान वाढली आहे. आठल्ये म्हणतात, पाणी भरपूर पाजा म्हणजे लघवी सुटेल. म्हणून मी सारखा तांब्या पुढे करते. काल आबा म्हणाले, "तुझ्या अळणी राज्यात आता पाण्यालाच काय ती चव उरलीय." मी हसले.

जाताना आठल्ये ओट्यावर उभे राहून काहीबाही बोलतात. ते लिहिण्यासारखे नाही. उकाडा फार आहे. विहीर खोल गेली, दोराला तुकडा जोडावा लागला. तू जेवणाची आबाळ करू नको.

तुझी आज्ञेतली,
जनी


नाटे,
सोमवार, ता. १७ एप्रिल १९३३

तीर्थस्वरूप दादास,

जनीचा नमस्कार. तुझे पत्र शनिवारी मिळाले. आतेला वाचून दाखवले नाही. आबांना अर्धे दाखवले.

त्यात 'वात्सल्यापोटी घडलेला अविवेक' असे शब्द आहेत. दादा, तू असे बोलत नाहीस. हे बाबूभाऊंचे शब्द, किंवा आठल्यांनी तुला जे कार्ड घातले त्यातले. शिवाय वात्सल्य आईबापांचे मुलांवर असते, मुलीचे बापावर नसते. एवढे मला शाळेत शिकवले आहे आणि त्या शाळेत मला तूच घातलेस. आपल्या घरात पाटी आली ती तुझ्या हट्टाने. सगळ्या पत्रात तुझा आवाज मला एकाच ओळीत ऐकू आला: 'जने, आबाला मीठ घालू नको गो.' त्या ओळीला उत्तर देते.

मी मीठ घातलेले नाही.

मागच्या पत्रात जे लिहिण्यासारखे नाही म्हटले ते हेच होते. आठल्ये दर गुरुवारी आबांच्या नडगीवर अंगठा दाबतात आणि म्हणतात, "चोरून चाललंय काहीतरी. म्हातारा खातो, नाहीतर पोरगी घालते." मी काय शिजवते ते दाखवायला मडके त्यांच्यापुढे आणले, तर म्हणाले, "ते लांब ठेव." सूज मांडीपर्यंत चढली हे खरे आहे. आबांना आता आडवे होता येत नाही, उशांना टेकून बसल्या बसल्या झोपतात, हेही खरे आहे. हे तुला आठल्यांच्या आधी मी कळवायला हवे होते. भीती वाटली म्हणून कळवले नाही.

आणखी एक सांगते. त्या माणसाचे बोलणे ऐकून ऐकून मलाच संशय येऊ लागला. आबांना पडवीत बसवले होते तेव्हा मी त्यांची वाकळ झाडली, उशीची खोळ उसवून बघितली. मीठ लावलेले एक आमसूल निघाले, वाळून खडखडीत झालेले, केव्हाचे कोण जाणे. ते मी त्यांच्यापुढे धरले. आबांनी माझ्याकडे बघितले. म्हणाले, "जने, मी पण खलाशांच्या पेट्या अशाच उघडल्या होत्या एकदा. गावलं काय नाय. पण ते पुन्हा माझ्यासंगती जेवायला बसले नाय."

तू लिहितोस की तुमच्या खोलीतला सखाराम रजा संपवून मुंबईला परत निघेल तेव्हा त्याने आबांना आगबोटीने रत्नागिरीस न्यावे, आठल्ये चिठ्ठी देतील, इस्पितळात ठेवावे, आणि मग जनीच्या लग्नाचे बघता येईल. दादा, मुसाकाजीच्या बंदरात पडावाच्या होडीतून आगबोटीच्या शिडीवर चढताना धडधाकट माणसाचे पाय लटपटतात. मोठ्या डॉक्टरांनीच सांगितले होते की यांना हलवू नका. आणि आबांनी तुझ्या पत्राचा तेवढा भाग ऐकून एवढेच विचारले, "तिथे माझ्याशी बोलंल कोण?"

सखाराम अजून महिनाभर आहे. तेवढी मुदत मला दे. माझ्या हातून कुठे काय चुकते ते मला शोधू दे. चुकते आहे हे मला दिसते. कुठे ते दिसत नाही.

तुझी आज्ञेतली,
जनी


नाटे,
गुरुवार, ता. ११ मे १९३३

दादा,

नमस्कार. हे पत्र सखाराम हातोहात आणतो आहे. त्याच्याबरोबर आबा नाहीत हे तुला आधीच कळले असेल. रागावण्याआधी शेवटपर्यंत ऐक. बाबूभाऊ, आज मोठ्याने वाचा, आणि कोणालाही विडी ओढायला बाहेर पाठवू नका. ज्याला इथे गावी नाट्याला चहाडी लिहायची असेल त्याला पुरता मजकूर मिळू दे.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी आते देवळात गेली होती. माडावर चढणारा केरू आजारी, म्हणून घरात शहाळे नव्हते. भर उन्हात नर्सबाई आल्या. तरीची होडी चुकली म्हणून लांबच्या वाटेने खाडीला वळसा घालून चालत आल्या होत्या. जखमा धुऊन झाल्यावर ओट्यावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्यावर मनातून रागावलेली होते, तू मागे ऐकलेच आहेस. पण त्या म्हणाल्या, "थोडं पाणी मिळेल का? वरून ओंजळीत ओतलंस तरी चालेल."

ते 'तरी चालेल' मला ऐकवले नाही. मी आपला तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. वर फुलपात्रही दिले. हो, तांब्या आपलाच, पितळेचा, ज्याने आबा पितात तो. आठ दिवस हे तुला कसे लिहावे याच्या मी घोर चिंतेत होते, कारण माझे पत्र म्हणजे सगळ्या खोलीचे पत्र, आणि खोलीचे पत्र म्हणजे सगळ्या वाडीचे. वाडी आपल्याला वाळीत टाकील, पाण्यावाचून ठेवील, असे मनात येई. मग ज्या पाण्यावाचून ठेवतील ते पाणी कसले, हे पुढे ऐकशीलच, त्याचा विचार केला आणि भीती गेली. लिहिते आहे. ऐका सगळे.

नर्सबाईंनी एक घोट घेतला आणि त्या थांबल्या.

"अगं, हे तर खारट आहे."

मी म्हटले, "वैशाखात मचूळ होतंच. आम्हांला सवय आहे."

"आणि याच पाण्यात त्यांची पेज शिजवतेस?"

मी हो म्हटले. म्हटल्यावर माझे मलाच ऐकू आले.

दादा, आपली विहीर समुद्राकडची. उन्हाळ्यात तळ गाठला की पाणी मचूळ होते, हे वाडीत कोणाला ठाऊक नाही? ऊन वाढले म्हणावे तसे आपण म्हणतो, पाणी मचूळ झाले. त्याला मीठ कोणी म्हटले नाही. आपल्या लेखी मीठ म्हणजे मडक्यातले. मी माळ्यावरच्या मडक्यावर पहारा ठेवला आणि रोज सकाळी मीठ दोराने शेंदून घरात आणले. त्यात पेज शिजवली. वर आठल्यांच्या सांगण्यावरून भरपूर पाजले. आबा बिचारे सांगत होते, पाण्याला चव आहे. मी हसले होते.

आठल्ये माघापासून येतात. डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, नडगी दाबली, लघवी उजेडात धरून पाहिली, माझ्यावर आळ घेतला. आपल्या घरचे पाणी एकदाही तोंडाला लावले नाही. एकदा चूळ जरी भरली असती, तरी त्यांना कळले असते. आणि नर्सबाईंना केव्हाच कळले असते, पण त्यांना आपण दिले नाही. त्यांचे सोवळे आणि आपले सोवळे मिळून आबांच्या पायात साचले. मी फक्त आठल्यांना बोल लावत नाही. आपल्या आतेलाही लावते, मलाही लावते. शहाळे कापून द्यायला मीच जात होते.

नर्सबाईंचे नाव एस्तेर. इतके महिने येतात, त्या दिवशी विचारले. त्या तांब्याकडे बघून म्हणाल्या, "मी कोणाला सांगणार नाही हं." मी म्हटले, "सांगा. पाण्याचं तर सांगाच." त्यांनी आठल्यांना सांगितले. आठल्ये म्हणाले, "तुम्ही जखमा धुवा."

आतेला मी स्वतःच सांगितले. ती म्हणाली, "तांब्या आगीतून काढ, नाय तर खाडीत टाक." मी रोज घासते तसा राखेने घासला आणि जागेवर ठेवला. तेव्हापासून ती माझ्या हातचे जेवत नाही, वेगळी चूल मांडते. पण वर सड्याच्या माळाच्या कडेला जांभ्याच्या कपारीत गोड्या पाण्याचा झरा आहे ना, तिथून मी पहाटे पाणी आणते, तर दुसऱ्या दिवशी माझ्या मागे वाटेवर पावले वाजली. आते, डोक्यावर रिकामी कळशी घेऊन. म्हणाली, "बघतेस काय? तुझ्यासाठी नाय आलेय. माझा भाऊ हाय तो." रोज येते. वाटेत बोलत नाही.

आबांची पेज, पिणे, सगळे आता त्या पाण्याचे. सूज मांडीवरून उतरली आहे. पहिल्यांदा डाव्या पायाचा घोटा दिसला तेव्हा आबांनी त्याच्याकडे ओळखीचा माणूस भेटावा तसे बघितले. तक्रार करतात ती वेगळीच. "आता पाण्यालाही चव नाय. या घरात तूच काय ती खारट उरलीस." काल त्यांनी मला माझे पान घेऊन खाटेशेजारी बसायला सांगितले. आम्ही दोघे एकत्र जेवलो. आमसुलाचे कोणी काढले नाही.

सगळे पाण्यानेच झाले असे मी शपथेवर सांगणार नाही. हृदय थकलेले आहे ते आहेच, आणि मोठे डॉक्टर म्हणाले ते खोटे नव्हते. त्यांना मी सविस्तर पत्र लिहिले आहे, ते एस्तेरबाई स्वतः नेऊन देणार आहेत. औषध नको असे माझे म्हणणे नाही. मला औषध हवे आहे. मला विचारणारा माणूस हवा आहे.

आता आजचे. लिहायचे टाळत होते ते हेच.

सकाळी आठल्ये आले, मागून सखाराम आणि डोली उचलणारे दोघे. आठल्यांनी अंगठा दाबला, खळी फारशी पडली नाही, तसे सखारामाकडे वळून म्हणाले, "बघा. माझ्या मिक्श्चरने उतार पडला. आता इस्पितळात नेलं की काम होईल. इथे ठेवलं की ही पुन्हा घालणार." खिशातून चिठ्ठी काढली. मग मला म्हणाले, "शहाळं काढ."

मी आत गेले आणि विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"आज शहाळं नाही. हे आमच्या विहिरीचं. एक चूळ भरा आणि थुंकून टाका. मग चिठ्ठी द्या."

"तुमच्याकडचं पाणी मी घेत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. म्हणूनच पाण्याचं तुम्हांला ठाऊक नाही."

"दोन बुकं वाचलीस म्हणून मला शिकवतेस?"

भरलेल्या तांब्यातले पाणी पायांवर सांडत होते. पण मी तो खाली ठेवला नाही. तेवढ्यात खाटेवरून आबा बोलले. दम लागेल म्हणून त्यांना कोणी थांबवायच्या आत बोलले. "आठल्ये, तुमच्या अंगठ्याला मी कधी नाय म्हटलं नाय. दुखत होतं तरी नाय म्हटलं नाय. माझ्या पोरीनं एक घोट पाणी पुढं केलंनी, तेवढं घ्या. नाय तर तुमची चिठ्ठी तुमच्याजवळ."

आठल्यांनी छत्री उचलली. म्हणाले, "उद्यापासून औषध बंद. बाटल्या परत करा. तुझ्या भावाला मी कळवतो."

"कळवा," मी म्हटले. "मीही कळवते."

डोलीवाले जरा वेळ उभे राहिले. आतेने आपल्या वेगळ्या चुलीवरून त्यांना पेज वाढली, ते जेवून गेले. सखाराम ओट्यावर डोके धरून बसला. "जने, हरिश्चंद्राला, तुझ्या दादाला, मी काय सांगू गो?" मी म्हटले, "तू काही सांगू नको. मी देते ते फक्त सांभाळून ने."

तू म्हणशील, इस्पितळात नेले असते तर काय बिघडले असते? तिथले पाणी गोडे असेल. तिथेही सूज उतरली असती. आणि मग सगळे म्हणाले असते, पोरीच्या हातून सुटला म्हणून म्हातारा वाचला. ते मी जन्मभर ऐकले असते आणि तूही ते खरे मानले असतेस. पण दादा, खरे कारण ते नाही. तिथे आबांशी बोलेल कोण? इथे ते बोलतात. आज तर बोललेच.

लग्नाचे तू बघणार आहेस, ते बघ. मी नाही म्हणत नाही. पण आबा पायांवर उभे राहीपर्यंत किंवा जे व्हायचे ते होईपर्यंत मी या घरातून हलणार नाही, आणि आबांनाही कोणी हलवणार नाही. हे विचारत नाही, कळवते आहे.

पत्राबरोबर एक बाटली आहे. आठल्यांचीच आहे, बाकीच्या परत केल्या, एक ठेवली. उकळून स्वच्छ केली, आज दुपारी आपल्या विहिरीचे पाणी भरले, बूच लावून वर मेण ओतले. बाहेरची, एका खुणेला एक डोस अशी कातरलेली कागदी पट्टी तशीच आहे. लहानपणी तू हेच पाणी प्यालास आणि तुला कळले नाही, मलाही कळले नाही. आता तू मुंबईच्या नळाचे पाणी पितोस. तुझी जीभ परकी झाली असेल, आणि आज मला तशीच जीभ हवी आहे.

माझी पत्रे तुला बाबूभाऊ वाचून दाखवतात. आठल्यांचे कार्डही त्यांनीच वाचले. कोणाचे खरे मानायचे ते तू दुसऱ्याच्या आवाजावरून ठरवलेस, त्यात तुझा दोष नाही. या बाटलीला वाचणारा लागत नाही. बूच काढ, पट्टीवरच्या एका खुणेइतके पाणी पी. थुंकू नको. आबा ते सगळा चैत्र तांब्या तांब्याने प्याले, आणि पुढे करणारी मी होते.

मग आबांनी कुठे राहावे ते मला सांग. लिहायला बाबूभाऊ आहेतच. शब्द तुझे असू देत.

तुझी बहीण,
जनी